एकास बत्तीस

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाज्यापेक्षा नेहमीच उंच असतो. पेरलेले अळीव महाराजांच्या सिंहासनापर्यंत पोचतात, तोफ बुरुजाएवढी असते आणि तळ्यातलं प्लॅस्टिकचं बदक तिन्ही तटांवर सहज नजर ठेवून असतं. त्या वयात हे कुणालाच टोचत नाही. ज्याला टोचायला लागतं, तो पुढेमागे स्केल मॉडेलच्या नादी लागतो.

या नादात माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं विमान म्हणजे एसई-५ए. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत ते आखलं गेलं आणि २२ नोव्हेंबर १९१६ रोजी त्याचा पहिला नमुना उडाला. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१७ मध्ये, आखणीत वाटा असलेला चाचणी-वैमानिक फ्रँक गुडन दुसऱ्या नमुन्यातून उडताना हवेत पंख मोडून मेला. त्यानंतर सांगाडा मजबूत केला गेला. मग उरलं ते भक्कम, स्थिर, ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगानं जाणारं विमान. सुधारित रूपाला ‘ए’ जोडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत पाच हजारांहून अधिक विमानं बनली.

पंखांची रुंदी ८.११ मीटर, लांबी ६.३८ मीटर. बत्तीसनं भागलं की २५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर होतात. म्हणजे शाळेच्या वहीवर जवळपास मावेल एवढं विमान. हा भागाकार तिसरीतलं पोरही करेल. अवघड असतं ते पुढचं, कारण काही गोष्टी भागल्या जायला तयार नसतात.

कापडाचंच बघा. विमानाचा सांगाडा लाकडी आणि त्यावर ताणलेलं तागाचं कापड. ते अर्धा मिलिमीटर जाड धरलं, तरी एकास बत्तीस प्रमाणात ०.०१६ मिलिमीटर उरतं. माणसाचा केस त्याच्या चौपट जाड. एवढं पातळ प्लॅस्टिक कुठल्याही साच्यातून निघत नाही. म्हणून संच बनवणारे पंखाची मागची कड शक्य तितकी निमुळती करतात आणि उरलेलं काम पॉलिश पेपर घेतलेल्या आपल्या बोटांवर सोडतात. घासत घासत कड इतकी पातळ करायची, की उजेडासमोर धरली तर प्लॅस्टिक अर्धपारदर्शक दिसलं पाहिजे. त्याहून दोन हात जास्त मारले, तर कडच जाते.

फासळ्यांचं दुखणं उलटं. कापडावर डोप नावाचं रसायन लावत. ते वाळताना आकसतं आणि कापड ढोलाच्या पानासारखं ताणलं जातं. त्यामुळे खऱ्या विमानात दोन फासळ्यांच्या मधला खळगा अगदी उथळ असतो. जुन्या संचांत मात्र तो असा खोल असायचा, की पंख उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखा दिसे. पाहणाऱ्याला ‘हे कापड आहे’ हे कळावं म्हणून केलेली ती अतिशयोक्ती. ती किती ठेवायची, हा या कलेतला पहिला खरा निर्णय. पट्टी त्याचं उत्तर देत नाही.

काम सुरू होतं आतून. आधी वैमानिकाची बैठक: आसन, दांडी, पायाखालचा सुकाणूचा आडवा दांडा, डायलींची फळी. प्लॅस्टिकला लाकूड करायचं तर फिक्या पिवळट रंगाचा थर द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि वर तांबूस तपकिरी तैलरंगाचा पुसट हात देऊन जवळजवळ कोरडा ब्रश एकाच दिशेनं ओढायचा. ब्रशचे केस जिथे रेघ सोडतात तिथे लाकडाचा रेषा-पोत उमटतो. सांगाड्याच्या चौकटी तिरप्या तारांनी ताणलेल्या असत. त्या तारा आतही लावायच्या. मग धडाचे दोन अर्धे जोडायचे, की यातलं बहुतेक सारं कायमचं अंधारात जातं. बाहेरून दिसते ती वीतभर विमानातली अंगठ्याएवढी खाच. घरचे विचारतात, “दिसणारच नाही तर करता कशाला?” याला अजून तरी कुणाला पटेल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

मग येतं इंजिन. एसई-५ए मध्ये व्ही आकाराचं, आठ सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं हिस्पानो-सुइझा असे, किंवा त्यावरून इंग्लंडात बेतलेलं वुल्झली वायपर. हिस्पानोचे काही गिअर नीट टणक न झालेले निघाले, तरी विमानांची निकड इतकी होती की ती इंजिनंही जोडली गेली. मॉडेलकारासाठी या कटकटीला वेगळाच अर्थ असतो. गिअरवालं हिस्पानो असेल तर पंखा बहुधा चार पात्यांचा, वायपर असेल तर दोन पात्यांचा. पुढच्या चौकोनी रेडिएटरची ठेवणही बदलते. त्यामुळे ‘एसई-५ए बनवतोय’ असं म्हणून चालत नाही. कुठल्या कारखान्याचं, कुठल्या क्रमांकाचं, कुठल्या महिन्यातलं, हे आधी ठरवावं लागतं. जेम्स मॅकडन या नामांकित वैमानिकानं आपल्या विमानाच्या नाकावर स्वतः पाडलेल्या जर्मन एलव्हीजी विमानाची टोपी बसवली होती. त्याचं विमान करायचं तर ती टोपीही हवी. ती नसलेल्या दिवसाचं करायचं असेल, तर तारीख माहीत हवी.

रंगाचं प्रकरण सगळ्यात भांडकुदळ. पंखांचा वरचा भाग आणि धड ‘पीसी-१०’ नावाच्या रंगानं रंगवत. सूर्यप्रकाशानं तागाचं कापड कुजू नये म्हणून तो देत. त्यात लोहयुक्त पिवळी माती आणि काजळी. तो हिरवट की तपकिरी, यावर मॉडेलकारांच्या मैत्र्या तुटायच्या बेतात येतात. खरं म्हणजे दोन्ही बाजूंकडे पुरावा असू शकतो. घटक कसे घोटले, वरून वार्निश कुठलं, किती ऊन लागलं, यावर छटा बदलत असे. त्यात आणखी एक गंमत. खऱ्या विमानाचा नेमका रंग आणून छोट्या मॉडेलवर लावला तर तो काळपट दिसतो. मोठी वस्तू आपण दुरून, मधल्या हवेतून पाहतो. मॉडेल वीतभर अंतरावरून. म्हणून रंग थोडा फिका करून घ्यावा लागतो. थोडा म्हणजे किती, तेही डोळ्यानंच ठरवायचं. आमच्याकडे मुंबईत त्यात पावसाळ्याची भर. जुलै-ऑगस्टात एअरब्रशनं लॅकर मारलं की हवेतला ओलावा पकडून ते पांढुरकं पडतं. मी एकदा पूर्ण पंख असा ‘धुक्यात’ घालवला. तेव्हापासून रंगकाम दिवाळीनंतर.

एकावर एक अशा दोन पंखांतला वरचा पंख शेवटी. तो बसवण्याआधी दोन्ही पंखांत ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडून ठेवायची, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर पंख तोलायचा, समोरून आणि वरून पाहायचं. एसई-५ए चे पंख टोकांकडे ठळक वर उचललेले असतात. तो कोन एका बाजूला जरा कमी झाला, तर विमान लंगडं दिसतं.

आणि मग तारा. यांच्याशिवाय पंख उभेच राहिले नसते. उड्डाणात पंख वर दुमडू नयेत म्हणून काही तारा, जमिनीवर असताना खाली लोंबू नयेत म्हणून काही. फार्नबरोनं या तारांना गोल न ठेवता मध्ये जाड आणि दोन्ही कडांना निमुळता छेद दिला, म्हणजे हवेचा अडथळा कमी. ६ मिलिमीटर रुंदीची तार धरली तर आपल्या वाट्याला येते ०.२ मिलिमीटरहून कमी. मासेमारीचा बारीक दोरा गोल असतो, म्हणून चोखंदळ लोक चपटा लवचीक धागा वापरतात. चिमट्यात धागा, टोकाला थेंबभर सायनोॲक्रिलेट, श्वास रोखलेला. एक तार जास्त ताणली की समोरची ढिली पडते. त्या क्षणी कळतं, की ही ताणाताणी खऱ्या विमानावर रोजची होती. प्रत्येक तुकडीत तारा जुळवणारे कारागीर होते आणि वैमानिकाचा जीव त्यांच्या बोटांवर टांगलेला असे.

हौशी माणसाला हे सगळं शक्य झालं, त्यात न्यूझीलंडच्या विंगनट विंग्जचा मोठा वाटा. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी काढलेली ही कंपनी २००९ पासून पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे एकास बत्तीसचे संच बाजारात आणत होती आणि एसई-५ए त्यांत होतं. २०२० मध्ये ती बंद पडली. तेव्हापासून तिचे न उघडलेले खोके वारसाहक्काच्या दागिन्यांसारखे जपले जातात.

मी माझं विमान ठरवताना महिना निवडला जुलै १९१८ आणि तुकडी ४० क्रमांकाची, कारण तिच्यात इंद्रलाल रॉय होता. कोलकात्यात जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला. डिसेंबर १९१७ मध्ये त्याचं विमान कोसळलं आणि तो जबर जखमी झाला. बरा होईपर्यंतच्या काळात तो विमानांची चित्रं काढत राहिला. ती रेखाटनं आजही आहेत. पुन्हा आघाडीवर जाऊन त्यानं एसई-५ए मधून दोन आठवड्यांत दहा विजय नोंदवले. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हांवरच्या चकमकीत तो मारला गेला. वय १९. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं.

उरला एकच प्रश्न, वैमानिक बसवायचा का? बहुतेक मॉडेलकार बसवत नाहीत. पावणेसहा फुटी माणूस या प्रमाणात साडेपाच सेंटिमीटरचा होतो आणि तो बसला की ती अंगठ्याएवढी खाच भरून जाते. डायली, आसनाचे पट्टे, लाकडाचा पोत, महिन्याभराची मेहनत त्याच्या कोटाखाली. किल्ला करणाऱ्या पोरानं यावर क्षणभरही विचार केला नसता. त्यानं आधी माणूस ठेवला असता, दरवाज्यापेक्षा उंच.

मी त्याला प्रमाणातच ठेवला, पण बसवला.