जपून चालवाल तर तुटेल

संपादकांनी 'धातुकर्तनाची शंभर वर्षं' असा आढावा मागितला आहे. माझ्याकडून निःपक्षपाती लेख येईल अशी त्यांचीही अपेक्षा नसावी. गेली तीस वर्षं मी एकच तुणतुणं वाजवतो आहे, आणि ते हार्ड टर्निंगचं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तिकडे जाईनच. आधी पितरांना पाणी देतो.

फ्रेडरिक टेलर म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे लागणारा साहेब, एवढंच मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. माझ्या लेखी तो लेथवाला माणूस. फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टीलमध्ये १८८० साली त्याने प्रयोग सुरू केले तेव्हा सहा महिन्यांत उरकेल असा त्याचा अंदाज होता. उरकायला २६ वर्षं लागली. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याने जो प्रबंध सादर केला, त्यात हिशेब दिला आहे: ३० ते ५० हजार प्रयोग, आणि ८ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा कीस. आपल्या मापात साडेतीन लाख किलोंच्या वर. एवढा कीस पाडल्यावर हाती काय आलं, तर वेग आणि टूलचं आयुष्य यांना बांधणारं एक ओळीचं सूत्र, बारा बदलत्या गोष्टींची यादी, आणि ती यादी टर्नरला वापरता यावी म्हणून कार्ल बार्थने केलेली स्लाइड रूल. शिवाय टूलच्या टोकावर पाण्याची जाड धार सोडली तर वेग ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, हेही त्यानेच मोजलं. मॉन्सेल व्हाइटच्या जोडीने त्याने हायस्पीड स्टीलची उष्णतेची प्रक्रिया बसवली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात टोक लाल झालेलं टूल निळी चिप काढत चालताना लोकांनी पाहिलं.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: वेग गुणिले आयुष्याचा 'एन'वा घात बरोबर 'सी'. त्यातला 'एन' मात्र कुणी हातात घेऊन बघत नाही. हायस्पीड स्टीलचा एन साधारण एक-अष्टमांश. वेग नुसता २० टक्के वाढवा, धारेचं आयुष्य पाव भागाच्याही खाली येतं. कार्बाइडचा एन पाव धरला तर त्याच २० टक्क्यांत आयुष्य निम्म्यावर येतं. फीड आणि कटची खोली यांची किंमत याहून कितीतरी कमी. म्हणून जुने फोरमन आधी कट ठरवायचे, मग फीड, आणि उरलेल्या जागेत वेग बसवायचे. आजची पोरं उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी आरपीएम वाढवतात, टूल गेलं की फीड कमी करतात, आणि मग उत्पादन का वाढत नाही म्हणून मीटिंग घेतात.

पुढची पन्नास वर्षं मी भराभर ओलांडतो. १९२३ मध्ये ओस्रामच्या कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाइड कोबाल्टने बांधलं, क्रुपने ते 'विडिया' म्हणून बाजारात आणलं, म्हणजे 'हिऱ्यासारखं'. १९३१ मध्ये सालोमोन नावाच्या जर्मनाने पेटंट घेतलं, की वेग फारच वाढवला तर कटिंगचं तापमान पुन्हा उतरतं. त्या डोंगराच्या पलीकडच्या उताराचं चित्र आजही सेमिनारमध्ये दाखवतात. पोलादात तो उतार मला तरी कधी भेटला नाही. चाळीसच्या दशकात मर्चंटने शिअर अँगलचं गणित मांडलं. ते सुंदर आहे, परीक्षेला येतं, आणि लेथपाशी उभं राहून मी ते एकदाही वापरलेलं नाही. १९६९ च्या सुमारास कोटिंगवाले इन्सर्ट आले आणि धार लावायचं कामच संपलं. आमच्या पिढीने कार्बाइडच्या ब्रेझ केलेल्या टूलला हिरव्या चाकावर धार लावली आहे. त्या चाकाचा वास अजून नाकात आहे. असो.

या धावपळीत गिल्बर्टपाशी मात्र थांबायला हवं. १९५० मध्ये त्याने टेलरच्या सूत्राला पैशाचं सूत्र जोडलं. समजा मशीनचा ताशी खर्च ६०० रुपये, म्हणजे मिनिटाला १०. इन्सर्टची एक धार ८० रुपयांना पडते, ती बदलायला २ मिनिटं लागतात, आणि एन पाव आहे. खर्च कमीत कमी हवा असेल तर धार ३० मिनिटं टिकेल असा वेग धरा. नग जास्तीत जास्त हवे असतील तर ६ मिनिटांतच धार संपू द्या. या दोन वेगांत फरक आहे दीडपटीचा. तुम्हाला हवा तो वेग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि कुठे ते तुमची ऑर्डरबुक सांगते, कॅटलॉग नव्हे. कॅटलॉगमधला वेग ज्या आयुष्यासाठी दिलेला असतो ते बहुतेक १५ मिनिटांचं असतं. हे तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. भोसरीत मी किमान दहा शॉपमध्ये कॅटलॉगमधला आकडा देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेला पाहिला आहे.

टायटॅनियम, इन्कोनेल वगैरे विमानवाल्यांच्या धातूंवर इतरांनी भरपूर लिहिलंय. टायटॅनियमच्या मिश्रधातूतून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्शाने वाहते, म्हणून ती सगळी टूलच्या टोकावर साचते. इन्कोनेल ७१८ ला कार्बाइडने मिनिटाला ३०-४० मीटरच्या पुढे नेलं की कटच्या रेषेवर खाच पडते. सिलिकॉनवालं अॅल्युमिनियम असेल तर पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या कणांचं टूल, लावा आणि विसरून जा. आता माझ्या विषयाकडे.

रॉबर्ट वेन्टॉर्फने १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत क्यूबिक बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन, बनवलं. हिऱ्याच्या खालोखाल कठीण, पण हिऱ्याला जे जमत नाही ते याला जमतं. तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन शोषून घेतं. सीबीएनला त्याची पर्वा नाही. म्हणजे हार्डनिंग करून ६० एचआरसी कठीणपणाला नेलेली रिंग ग्राइंडरवर न चढवता सरळ लेथवर फिनिश करता येते. एक सेटिंग, एक चक, ग्राइंडिंगचा चिखल नाही, आणि कूलंटही नाही. टेलरने पाण्याची धार सोडून जे मिळवलं, ते इथे पाणी बंद करून मिळतं. मला ही गोष्ट फार आवडते.

माझी पहिली सीबीएनची धार मी स्वतःच्या हाताने मोडली. नव्वदच्या दशकाचा मध्य, एका मध्यम कारखान्यात मी मेथड्सला होतो. इन्सर्टची किंमत ऐकून स्टोअरकीपरने तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं मिनिटाला १५० मीटर. मी म्हटलं, एवढा महागाचा माल, जपून चालवू, आणि ६० वर सुरू केलं. तिसऱ्या रिंगला टोकाचा कपचा उडाला. दुसरी धार आणखी जपून, ४० मीटरवर. ती पहिल्याच रिंगला गेली. मिस्त्री गप्प होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी तिसरी धार फिरवली आणि मला न विचारता १४० वर लावली. चकाजवळून भगवी फुलबाजी सुटावी तशी चिप बाहेर आली. जमिनीवर पडली तेव्हा काळपट पडलेली, बोटांत धरून दाबली तर चुरा. त्या धारेने त्या रात्री ३१ रिंगा काढल्या. स्टोअरकीपरला दोन धारांचा हिशेब देताना माझी जी अवस्था झाली ती इथे लिहीत नाही.

कारण नंतर समजलं. हार्ड टर्निंगमध्ये टूल कठीण धातू कापत नाही. टोकाच्या पुढचा बारीक पट्टा इतका तापतो की धातू तिथल्यापुरता मऊ पडतो, आणि टूल तो मऊ पट्टा कापतं. वेग कमी केला की उष्णता कमी, पट्टा कठीणच राहतो, आणि सगळा धक्का त्या ठिसूळ टोकावर येतो. जपून चालवाल तर तुटेल. कॅटलॉगवर मी एवढी टीका करतो, पण इथे तो बरोबर होता आणि मी चूक, हेही लिहायला हवं.

याच कारणाने आणखी एक उलटी गोष्ट घडते. सीबीएन जास्त असलेला इन्सर्ट चांगला, असं दुकानदारही सांगतो. ९० टक्के सीबीएनवाला बीडकामाला आणि तुटक कटला चांगला, हे खरं. पण अखंड फिरणाऱ्या कठीण रिंगेच्या फिनिशिंगला ५० ते ६५ टक्क्यांचा, सिरॅमिक बाइंडरवाला, जास्त टिकतो. त्यातून उष्णता कमी वाहते, म्हणून ती कटमध्येच राहते, आणि त्याचा बाइंडर रासायनिकदृष्ट्या लोखंडाला जास्त तोंड देतो. मऊ पोलादावर मात्र सीबीएन लावू नका. ४५ एचआरसीच्या खालचं पोलाद सीबीएनला कठीण पोलादापेक्षा लवकर खातं. धारेवरचा तो ०.१ मिलिमीटरचा, २०-२५ अंशांचा चॅम्फर दिसला की काही जण धार बोथट आहे म्हणून इन्सर्ट परत करायचे. फीड ०.१ आणि कट ०.१५ असताना सगळं काम त्या चॅम्फरवरच चालतं, त्यामुळे टूलला बाहेर ढकलणारं बळ कटिंगच्या बळापेक्षा जास्त येतं. झिजलेल्या बेअरिंगच्या लेथवर हा खेळ खेळू नये.

ग्राइंडिंगवाल्यांशी माझं भांडण जुनं आहे. एका परिसंवादात, नाव घेत नाही, एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की टर्निंगने फिनिश येतं, भूमिती येत नाही. त्यांचं म्हणणं तेव्हा निम्मं खरं होतं. पातळ रिंग तीन जबड्यांच्या चकात आवळली की ती गोल कापली जाते आणि सोडली की तिकोनी होते. हा दोष टूलचा नव्हे, चकाचा. लांब सडपातळ शाफ्टला मीही ग्राइंडिंगच सुचवतो. पण त्यांनी नंतर 'व्हाइट लेअर'चा बागुलबुवा उभा केला तेव्हा मला राग आला. घासलेल्या धारेने कापलं की पृष्ठभागावर काही मायक्रॉनचा एक थर बनतो, नायटलने एचिंग केलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली पांढराच राहतो, आणि बेअरिंगच्या आयुष्याला तो घातक ठरू शकतो. हे खरं. पण चुकीच्या ग्राइंडिंगनेही जळका थर येतो, हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. उपाय एकच: फिनिशिंगच्या धारेला फ्लँकवर ०.३ मिलिमीटरपर्यंत घासू देऊ नका. तो आकडा रफिंगचा. मी ०.१५ ला थांबायचो.

आता 'ऑप्टिमायझेशन'च्या कारखान्याबद्दल. गेनिची तागुचींबद्दल मला आदर आहे. प्रयोग आखायच्या त्यांच्या तक्त्यांनी कारखान्यांत खरंच काम केलंय. पण आपल्याकडे गेली वीसेक वर्षं एल-नाइनचा तक्ता म्हणजे प्रबंधाचा साचा झाला. नऊ प्रयोग, प्रत्येकाला नवी कोरी धार, दोन मिनिटं कट, खडबडीतपणाचा आकडा आरए मोजायचा, सिग्नल-टू-नॉइज काढायचं, आणि निष्कर्ष: फीड सर्वांत कमी ठेवला तर फिनिश सर्वांत चांगलं. अहो, फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसच्या आठपट, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ०.८ च्या नोजला ०.१ चा फीड दिला तर उंचवटा दीड मायक्रॉनच्या किंचित वर. फीड दुप्पट केला की चौपट. यासाठी सीबीएनच्या नऊ धारा वाया घालवायची गरज नव्हती. वायपर इन्सर्ट लावला तर दुप्पट फीडलाही तेच फिनिश मिळतं, हे त्या नऊ प्रयोगांत कधी येतच नाही. आणि दोन मिनिटांत धार झिजते तरी किती? टेलरने २६ वर्षं दिली ती झीज वाट बघत मोजण्यासाठी. हे वाचून काही प्राध्यापक मित्र रागावतील. गेल्या वर्षीही रागावले होते.

बंगळुरूच्या सीएमटीआयचं मशीन टूल डिझाइनचं ते जाडजूड हँडबुक टेबलावर, आणि शेजारी स्वतःची वही, असा आमचा बाज होता. वहीत पाच रकाने: नग, वेग, फीड, किती नगांनंतर धार बदलली आणि का. त्या 'का'च्या रकान्यात सगळं असायचं: घासली, कपचा उडाला, खड्डा पडला, जॉब फिरला, लाइट गेली. सहा महिन्यांत त्यातून त्या मशीनचा, त्या मालाचा टेलरच्या सूत्रातला स्वतःचा 'सी' मिळायचा. आता इन्सर्टचा पुरवठादारच टूल मॅनेजमेंट करतो, काउंटर ठरलेल्या आकड्याला थांबतो, इन्सर्ट फिरतो. धार कशामुळे गेली हे विचारायला कुणी रिकामा नाही.

परवा चाकणजवळ पुतण्याच्या युनिटवर गेलो होतो. कठीण केलेला ६० मिलिमीटर व्यासाचा, ४० लांबीचा स्लीव्ह. १५० मीटर, ०.१ फीड, नगाला अर्धं मिनिट कट. काउंटर ६० नगांवर. टाकून दिलेल्या इन्सर्टचा डबा मागितला. तो किलोवर भंगारात जातो. खिशात दहापटीची लूप असतेच. वीस धारा बघितल्या. चौदांची झीज ०.०८ च्या आसपास, म्हणजे निम्मं आयुष्य तसंच डब्यात. तिघींचे कपचे उडालेले, त्या सगळ्या एकाच मशीनच्या, तिथला टर्नर पोरगा म्हणाला, "काका, त्या स्लीव्हला ऑइल होल आहे." म्हणजे तुटक कट, आणि इन्सर्ट तोच ५० टक्क्यांचा. तिथे ग्रेड बदलायला सांगितली. उरलेल्या मशीनवर काउंटर काढून टाक म्हटलं, धार जाईपर्यंत चालव, दर दहा नगांनी लूपने बघ, आणि का गेली ते लिही.

हा लेख पाठवायला उशीर झाला तो पुतण्याच्या फोनसाठी. खंडेनवमीच्या सकाळी, मशीनना झेंडूचे हार घालून झाल्यावर, त्याचा फोन आला. ०.१५ झीज, ८३व्या नगाला. वहीत लिहून ठेवलं आहे.