वर्गात आपले मूल कोणाजवळ बसते?



जून महिना लागला की जवळा बाजारसारख्या बाजाराच्या गावात हायस्कूलची लगबग सुरू होते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कुठे चौथीपर्यंत असतात, कुठे सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर मोठ्या गावाला यावेच लागते. कोणी एसटीच्या पासवर येते, कोणी सायकलवर, कोणी वसतिगृहात राहते. दाखला, गणवेश, वह्या, जातीचे प्रमाणपत्र यांसाठी पालकांची धावपळ होते. एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. या नव्या वर्गात आपले मूल बसणार कोणाजवळ?

प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण ज्या मुलाला मधल्या सुट्टीत डबा उघडायला जागा सापडत नाही, ते मूल हळूहळू शाळा चुकवू लागते. आधी बाजाराच्या दिवशी, मग सणाच्या आसपास, मग आठवडाच्या आठवडा. शेवटी हजेरीपटावर "अनियमित" असा शेरा पडतो आणि "त्याला शिक्षणाची आवडच नव्हती" असे आपण म्हणून मोकळे होतो. मुलीच्या बाबतीत परिणाम आणखी लवकर दिसतो. शाळा सुटली की घरात लग्नाचा विषय निघतो. म्हणून मुलांचे गट कसे पडतात आणि आपली आदिवासी मुले त्यांत कुठे उभी असतात, हे आज समजून घेऊ या.

गट कसे पडतात

मोठी माणसे 'कंपू' म्हणतात, मुले 'ग्रुप' म्हणतात. आठवी-नववीच्या वयात हे गट पक्के होतात. या वयात मुलाला आईवडिलांच्या मतापेक्षा बरोबरीच्यांचे मत मोठे वाटू लागते. यात जगावेगळे काही नाही. जेम्स कोलमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये तिथल्या हायस्कुलांवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. शाळेत मुलांचा स्वतःचा एक वेगळा समाज असतो, तिथे अभ्यासापेक्षा खेळ, दिसणे आणि लोकप्रियता यांना जास्त किंमत मिळते, असे त्याने दाखवले.

आपल्याकडे गटांचे धागे वेगळे असतात. पहिला धागा गावाचा. एका बसने येणारी मुले एकत्र येतात, एकत्र बसतात आणि बस पकडायची म्हणून शेवटच्या तासाला एकत्रच दप्तर आवरतात. दुसरा धागा तुकडीचा. सेमी इंग्रजीच्या तुकडीत बहुतेक गावातली, शिकवणीला जाणारी मुले असतात आणि साध्या मराठी तुकडीत खेड्यांवरची. तिसरा धागा डब्याचा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. तोवर सगळ्यांच्या ताटात एकच खिचडी असते. नववीपासून ज्याचा त्याचा डबा, आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे सगळ्यांना दिसते. ज्याच्याजवळ डबाच नसतो ते मूल सुट्टी होताच नळाकडे किंवा मैदानाच्या कडेला जाते. चौथा धागा मोबाइलचा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर शेतात गेलेला असतो. आणि पाचवा धागा आडनावाचा. त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यांना कळतो.

वेळेचाही यात मोठा वाटा आहे. जून-जुलैमध्ये मुले एकमेकांना चाचपून पाहतात. पोळा-गणपतीपर्यंत गट ठरून जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास शाळेतून उठतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. तोवर त्यांच्या बाकावर दुसरे कोणी बसलेले असते. बुडालेला धडा पुन्हा शिकवता येतो. गेलेली जागा परत मिळवणे त्याहून अवघड असते.

गट म्हणजे आधार

"गटबाजी बंद करा" असे शिक्षक रागाने म्हणतात. पण गट ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. अनोळखी ठिकाणी माणूस ओळखीचा चेहरा शोधतो, तसाच तोही एक आसरा असतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण शंभरात सुमारे नऊ ते दहा आहे. त्यात आंध समाज मोठा. कळमनुरी तालुक्यात त्यांची वस्ती विशेष आहे. आंध मुले घरीही मराठीच बोलतात. पण त्या मराठीचा हेल वेगळा, काही शब्द वेगळे. वर्गात उभे राहून वाचताना मागून कोणी हसले की ते मूल पुन्हा हात वर करत नाही. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलांचे तर घरचे बोलणेच गोरबोलीतले. सरकारी यादीत ती मुले विमुक्त जातींत मोडतात, आदिवासींत नाही. पण वर्गातले त्यांचे एकटेपण फारसे वेगळे नसते.

आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. तिथे आजूबाजूला सगळी आपलीच मुले. कोणी "तू कोणाचा?" असे विचारत नाही. दहावीनंतर, किंवा त्याआधीच, ते मूल मोठ्या गावच्या शाळेत येते आणि पन्नास मुलांच्या वर्गात त्याच्यासारखी तिघे-चौघेच असतात. ही तिघे-चौघे एकत्र बसली तर तिला गटबाजी म्हणू नये. दिवसभर सावधपणे वागलेल्या मुलाला श्वास घ्यायला तेवढीच जागा असते.

कोल्हापूर आणि सातारा

हा पेच आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. दार सगळ्यांना उघडे होते. पण व्यवस्था एकाच वर्गाच्या हातात होती आणि काही वर्षांतच ब्राह्मणेतर मुले तिथून दिसेनाशी झाली. कोणी त्यांना "जा" असे सांगण्याची गरजच पडली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी यातून धडा घेतला. १९०१ पासून त्यांच्या पाठबळाने मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातून आलेल्या मुलाला आधी पाय टेकायला आपली जागा हवी, तरच तो पुढे चालेल, हा त्यामागचा विचार होता. हजारो मुले या वसतिगृहांमुळे शिकली.

याच कोल्हापुरात कुंभोजचा एक मुलगा जैन वसतिगृहात राहून शिकत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत ये असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो मुलगा म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले की तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि हाताने काम करत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडले.

कोल्हापूरने मुलाला आपली जागा दिली, साताऱ्याने दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसायला शिकवले. आपल्या मुलांना दोन्हींची गरज आहे. आपली जागा नसेल तर मूल बुजते. आणि तेवढीच जागा उरली तर ते तिच्यातच कोंडले जाते.

एकत्र बसवले म्हणजे झाले का?

साताऱ्यात मुले नुसती एकत्र राहत नव्हती, एकत्र राबतही होती. या राबण्याला किती महत्त्व आहे हे १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका प्रयोगात दिसले. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा वर्षांच्या आसपासची २२ मुले एका उन्हाळी शिबिरात नेली आणि त्यांचे दोन गट केले. मुले सगळी एकाच थरातली होती, जुने भांडण काही नव्हते. तरी सामने सुरू होताच थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले इथपर्यंत मजल गेली.

मग त्यांना एकत्र जेवायला बसवले. उपयोग झाला नाही, उलट अन्नाची फेकाफेकी झाली. पुढे शिबिराचे पाणी बंद पडले आणि बिघाड शोधायला सगळ्यांना जावे लागले. अन्न आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सगळ्यांनी मिळून दोर लावून तो ओढला. अशा कामांनंतर वैर निवळत गेले. या अडचणी शेरीफने मुद्दाम घडवून आणल्या होत्या. नुसते शेजारी बसून मने जुळत नाहीत, एकमेकांशिवाय अडेल असे काम लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात इलियट ॲरन्सन यांनी हेच तत्त्व वर्गात आणले. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि भांडणे वाढली होती. त्यांनी मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तेवढेच तुकडे करून प्रत्येकाला एक दिला. आपला तुकडा नीट समजून घ्यायचा आणि इतरांना शिकवायचा. चाचणी पूर्ण धड्यावर. त्यामुळे जे मूल अडखळत बोलते त्याचेही नीट ऐकून घेणे सगळ्यांना भाग पडले. या पद्धतीला पैसा लागत नाही. इतिहासाचा एक धडा आणि कागदाचे सहा तुकडे पुरतात.

मोठ्यांनी घातलेल्या भिंती

मुलांच्या गटांना पक्के कुलूप पुष्कळदा मोठी माणसे लावतात, तेही नकळत. "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा" असे भर वर्गात म्हटले की कोण कोणत्या जातीचा हे एका मिनिटात सगळ्यांना कळते. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून नामांकित निवासी शाळेत गेलेल्या मुलांना "योजनेची मुले" म्हटले की तेच त्यांचे नाव होऊन बसते. गुणांनुसार बाक लावले की मागचा बाक कायमचा ठरतो. स्नेहसंमेलनात आदिवासी मुलांना दरवर्षी फक्त नाचाला घ्यायचे आणि सूत्रसंचालन दुसऱ्यांना द्यायचे, यातूनही मुले आपापली जागा शिकतात.

आपण काय करू शकतो

शिक्षकांनी बाक दर आठवड्याला फिरते ठेवावेत, सगळ्यांचे आणि नियमाने, म्हणजे कोणाला शिक्षा वाटणार नाही. शिष्यवृत्तीची कागदपत्रे एकेकाला कार्यालयात बोलावून घ्यावीत. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाकडून एक चिठ्ठी घ्यावी: "सहलीला तुला कोणाजवळ बसायला आवडेल? तीन नावे लिही." जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे हे साधे रूप आहे. चिठ्ठ्या फक्त शिक्षकांनी पाहायच्या. ज्या मुलाचे नाव एकाही चिठ्ठीत नाही, त्याच्याकडे त्या आठवड्यापासून लक्ष द्यायचे. त्याला भाषण देऊ नये. एखाद्या समजूतदार सोबत्याबरोबर जोडीने काम द्यावे, फळा, ग्रंथालय, झाडांना पाणी, काहीही चालेल. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाची जागा आणि जोडीदार तो येण्याआधीच ठरवून ठेवावा.

वसतिगृहाच्या गृहपालांनी आपल्या मुलांना कबड्डी, खो-खो, विज्ञान प्रदर्शन यांत पाठवावे आणि वर्गातल्या इतर मुलांना कधीमधी वसतिगृहात खेळायला बोलवावे. आपली मुले नेहमी पाहुणी राहू नयेत, कधी यजमानही व्हावीत.

पालकांनी "किती मार्क पडले?" याबरोबर "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" हेही विचारावे. मूल एखादे नाव सांगेल तर त्या सोबत्याला एकदा घरी जेवायला बोलवावे. तीन-चार दिवस नावच आले नाही, तर रविवारची वाट न पाहता वर्गशिक्षकांना भेटावे. मुलाला डझनभर मित्र लागत नाहीत. एक खात्रीचा सोबती असला तरी मूल शाळेत टिकते.

आणि ज्यांची मुले वर्गात आधीच सुस्थिर आहेत त्या पालकांनाही एक विनंती. आपल्या मुलाला विचारा की त्याच्या वर्गात एकटे कोण बसते. त्याला नाव माहीत असतेच. उद्याच्या डब्यात एक भाकरी जास्त द्या आणि कोणासाठी ते सांगा.