फुल इन्शुरन्स म्हणजे सगळेच भरून मिळते काय?



आता पुष्कळ वस्त्यांवर गोठ्याशेजारी जीप किंवा मोटार उभी दिसते. “गाडीचा फुल इन्शुरन्स आहे,” असे मालक निर्धास्तपणे सांगतो. पुढे नुकसान झाले आणि हाती कमी पैसे आले, की घरात कुरबुर होते. म्हणून या विम्यात काय बसते, ते आधीच समजून घ्या.

आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा कोणी दगावले, तर त्याची भरपाई देणारा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा जोडला, की तो फुल इन्शुरन्स. अपघात, आग, वीज, चोरी, पूर, वादळ, गारपीट, भूकंप, दंगल यांनी झालेले नुकसान त्यात येते.

झीज आणि आपोआप झालेला यांत्रिक बिघाड मात्र येत नाही. चालकाने दारू प्यालेली असली, त्याच्याकडे लायसन्स नसले किंवा खासगी गाडीत बाजाराच्या दिवशी भाड्याने माणसे बसवली, तर आपल्या गाडीचा दावा नामंजूर होऊ शकतो.

दावा मंजूर झाला तरी घसारा कापतात. समजा, गाडीला तीन वर्षे होऊन गेली आहेत, चार व्हायची आहेत. तिचा 20,000 रुपयांचा दरवाजा बदलला, तर सर्वसाधारणपणे 25 टक्के, म्हणजे 5,000 रुपये आपल्या खिशातून जातात. रबरी व प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी यांना 50 टक्के घसारा लागतो. काचेला लागत नाही. जादा हप्ता भरून ‘झीरो डेप’ घेतल्यास ही कपात बहुतांशी टळते.

पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनाने पाणी ओढले आणि ते निकामी झाले, तर साध्या फुल विम्यात ते सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गाडी ओढून बाहेर काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.

जुनी गाडी घेतली असेल, तर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्या.

पॉलिसीचा कागद ट्रंकेत टाकण्यापूर्वी घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. काय मिळणार नाही, तो भाग दोनदा वाचायला सांगा.