राखणदाराला निरोप

कोकणातल्या गावांना राखणदार असतो. तो दिसत नाही, पण रात्रीबेरात्री शिवेवर फिरत असतो, असं जुनी माणसं सांगतात. संगणकातही असे न दिसणारे राखणदार असतात. पडद्यावर त्यांचं काही उमटत नाही, मागे राहून ते मुकाट काम करतात. युनिक्सच्या दुनियेत त्यांना 'डीमन' म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हा शब्द रुळला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने रेणू निवडणारा एक 'डीमन' कल्पिला होता, त्यावरून. भुताखेतांशी त्याचा संबंध नाही.

असा एक राखणदार मी पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापड्यात बसवला. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. त्यानंतर वाटलं, निदान आपल्या ओढ्याचं पाणी रात्री किती चढतंय, एवढं तरी कळावं. साकवाखाली पातळी मोजणारं यंत्र, घरात एक छोटा संगणक आणि जोडीला बॅटरी. प्रोग्रॅम मीच पायथन भाषेत लिहिला. दर ५ मिनिटांनी पातळी घ्यायची, तासाभराच्या नोंदी जमल्या की एकदम कार्डावर लिहायच्या. सारखं लिहून कार्ड झिजू नये, हा त्यातला शहाणपणा.

पहिल्याच पावसाळ्यात तो अंगाशी आला. रात्री वीज गेली, बॅटरी उतरत आली तसा संगणक ठरल्याप्रमाणे बंद झाला. सकाळी वीज आली, संगणक सुरू झाला, पण राखणदार गप्प. शेवटच्या तासाच्या नोंदीही नाहीत. नेमका पाणी चढण्याचा तास. गंमत म्हणजे दर वेळी असं होत नव्हतं. पुढच्या खेपेला वीज गेली तेव्हा सगळं सुरळीत. जो बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, तो शोधणाऱ्याची झोप उडवतो.

संगणक बंद होतो म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. चालू प्रोग्रॅमला प्रथम 'सिगटर्म' नावाचा सिग्नल जातो, क्रमांक १५. त्याचा अर्थ, 'आवरा, निघायचं आहे.' हा निरोप प्रोग्रॅमला ऐकता येतो. हातातलं लिहून, दार ओढून तो बाहेर पडू शकतो. मुदतीत निघाला नाही, तर 'सिगकिल' येतो, क्रमांक ९. हा ऐकताही येत नाही, अडवताही येत नाही. प्रोग्रॅम आहे तिथे संपतो. माझ्या संगणकावर ही मुदत ९० सेकंदांची होती.

मी सिगटर्म हाताने पाठवून घड्याळ लावून बसलो. पहिल्यांदा ४० सेकंदांत प्रोग्रॅम नीट बंद झाला. दुसऱ्यांदा बरोबर ९० सेकंदांनी मारला गेला. तिसऱ्यांदाही ९०. तिथे उलगडा झाला. निरोप आला की मी फक्त एक खूण करून ठेवत होतो, 'निघायचं आहे' अशी. खूण करणं बरोबरच. अर्धवट लिहिणं चालू असताना मध्येच आवराआवर सुरू केली तर प्रोग्रॅम अडकून पडू शकतो. पण ती खूण पाहायची कुणी? राखणदार तर ५ मिनिटांच्या झोपेत. पायथनच्या २०१५ साली आलेल्या ३.५ आवृत्तीपासून सिग्नल आला तरी ही झोप मोडत नाही, उरलेली पुरी केली जाते. म्हणजे ३०० सेकंदांच्या झोपेतले शेवटचे ९० सेकंद उरले असतील तरच सुटका. दहांतून सात वेळा मरण ठरलेलं.

राहिलं सकाळचं गप्प बसणं. दोन राखणदार एकाच वेळी जागू नयेत म्हणून कामावर येताना तो आपला क्रमांक एका फाइलीत लिहायचा आणि जाताना ती पुसायचा. मारला गेला की फाइल तशीच राही. सकाळी नवा राखणदार ती पाही आणि 'कुणीतरी आहे कामावर' म्हणून परत फिरे.

झोपेचा इलाज सोपा निघाला. आता तो झोपत नाही, घंटेपाशी बसतो. ५ मिनिटं झाली किंवा घंटा वाजली, जे आधी होईल तेव्हा उठतो. फाइल टाकून दिली. तिच्याऐवजी कर्नलकडून कुलूप घेतलं. प्रोग्रॅम कसाही मेला तरी ते आपोआप सुटतं. कार्ड झिजलं तर झिजो, नोंद दर ५ मिनिटांनी लगेच लिहिली जाते. कारण बॅटरीनेच दगा दिला तर कुणी निरोप द्यायलाही येत नाही.

मग एका संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, मी संगणकाची वायरच उपटली. घरच्यांनी वेड्यात काढलं. दोन मिनिटांनी वायर परत लावली. राखणदार उठला, शेवटची नोंद ६ वाजून २५ मिनिटांची होती, त्याखाली त्याने नवी लिहिली.