बाळाचा पहिला घास

आपल्याकडे सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाचे उष्टावण होते. मामा पाटावर बसतो, भाच्याला मांडीवर घेतो आणि खिरीचे बोट त्याच्या ओठांना लावतो. बाळ तोंड वाकडे करते, जिभेने खीर बाहेर ढकलते, आणि सारे घर हसते. पण पुढे चार दिवस तोच प्रकार चालला की हसू मावळते. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, पोर हट्टी आहे.

मी डॉक्टर नव्हे, मास्तर माणूस. पण शिकणे म्हणजे काय, एवढे मला ठाऊक आहे. आणि गिळणे हेदेखील शिकावेच लागते. अंगावर पिताना बाळाची जीभ पुढे-मागे चालते. घास मात्र जिभेने मागे न्यावा लागतो. घशात अन्नाची आणि श्वासाची वाट काही अंतर एकच असते. गिळताना क्षणभर श्वास थांबतो, श्वासनळीचे तोंड मिटते आणि घास अन्ननळीत उतरतो. हा मेळ बसायला दिवस लागतात. तेव्हा बाळाने घास बाहेर टाकला तर तो हट्ट नव्हे, पहिला धडा आहे.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. नातू खाईना, म्हणून आजी त्याला पसरलेल्या पायांवर आडवा घालीत, नाक दाबीत आणि बोंडल्याने पेज ओतीत. पोराची छाती महिन्यात दोनदा भरली. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "भरवता कसे?" आजी म्हणाल्या, "आमची सहा पोरं अशीच वाढली की!" आजींची माया खोटी नव्हती, रीत चुकत होती. आडव्या, रडत्या बाळाच्या तोंडात पेज ओतली की ती श्वासनळीत जाऊ शकते, आणि त्यातूनच न्यूमोनिया होतो. बाळाला बसवून भरवू लागल्यावर त्याची छाती पुन्हा भरली नाही.

मग करावे काय? सहा महिने पुरे होईपर्यंत आईचे दूधच द्यावे. नंतर मान नीट सावरणाऱ्या बाळाला मांडीवर ताठ बसवावे. वरण-भात, नाचणीची खीर, केळे किंवा दुधात भिजवलेली शाळूची भाकरी छान कुस्करून लहान चमच्याने द्यावी. चमचा तिरका केला तर चटकन ओघळणार नाही, इतपत दाट असावे. बाळाने तोंड उघडावे, मग घास द्यावा. मान फिरवली की थांबावे. आठव्या-नवव्या महिन्यापासून थोडे जाडसर द्यावे. वर्षभर नुसती पातळ पेजच दिली, तर चावायचे शिकणे लांबते. वर्षाच्या आत मध मात्र चाटवू नये.

सुरुवातीला बाळाला उमासा येतो; ते खोकते, लाल होते, आवाज करते. घाबरू नका, ते स्वतःच घास पुढे काढते. खरे भय आवाज बंद होण्याचे. खोकला नाही, रडणे नाही, ओठ निळे पडू लागले, म्हणजे श्वास अडकला असे समजा. तोंडात अंदाजाने बोट घालू नका. वर्षाच्या आतले बाळ हातावर पालथे घ्या, डोके खाली ठेवा आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा मारा. निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा. अडकलेले निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा, आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. बाळ निपचित पडले तर फोनवर सांगतील तसे करा.

साताऱ्याकडे घरोघरी भुईमुगाच्या शेंगा, आणि तासगावकडे द्राक्षे नि बेदाणे! हीच आपली श्रीमंती लहान घशाला घातक ठरते. आख्खा शेंगदाणा, फुटाणा चार-पाच वर्षांच्या आत देऊ नये. बारीक कूट जेवणात मिसळून चालेल. द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात.

काही बाळांची अडचण मात्र सवयीची नसते. प्रत्येक घासाला ठसका लागणे, दूध नाकातून येणे, खाल्ल्यावर घशात घरघर होणे, छाती वारंवार भरणे, वजन न वाढणे, यांपैकी काही दिसले तर दृष्ट काढीत बसू नका. टाळूला फट असेल, स्नायूंत दोष असेल. अंगणवाडीत वजन करून घ्या, आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. वेळीच कळले तर पुष्कळ करता येते.

शिक्षकांना एक विनंती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणारी आणि खिशातले शेंगदाणे त्याला प्रेमाने भरवणारी मुले तुमच्याच वर्गात बसतात. त्यांना एवढेच सांगा : बाळाला बसवून भरवायचे, आणि दाणा द्यायचा नाही. ही गोष्ट ती घरी जाऊन आजीलाही सांगतील!