बल्ब बदलण्याआधी मोटारसायकलची अर्थिंग तपासा

अहिल्यानगर : गळीत हंगाम सुरू झाला की राहुरी, नेवासा, श्रीरामपूर भागात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अन् बैलगाड्या असतात. कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो. गाडीचा लाइट मंद असेल तर ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. मग बरेच जण थेट 60 वॅटचा बल्ब टाकतात. घोळ इथंच होतो.

बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांना 35 वॅटचा बल्ब असतो, तो सुमारे 3 अँपिअर करंट ओढतो. 60 वॅटचा 5 ओढतो. वायर तापते, होल्डर वितळतो, बॅटरीही उतरते.

दोष बहुधा वायरिंगचाच. बल्बला 12 व्होल्टऐवजी साडेदहाच पोचले, तर उजेड जवळपास एक तृतीयांश घटतो. लाइट चालू ठेवून एका वायरचं एक टोक होल्डरच्या अर्थ पिनला अन् दुसरं बॅटरीच्या मायनसला लावावं. प्लसला चुकूनही नको. उजेड वाढला, तर अर्थिंग खराब. चेसीवरचा गंज पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला की बरेचदा काम होतं, खर्च जवळपास शून्य. नुसता डिपर किंवा नुसता अप्पर लागत नसेल, तर बल्ब अन् हँडलचा स्विच बघावा.

एवढं करूनही उजेड कमीच वाटला, तर रिले बसवावा. बॅटरीवरून 10 अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेला येते. बल्बचा करंट तिच्यातून जातो, स्विचवर लोड येत नाही. पण रेस दिल्यावरच उजेड वाढत असेल, तर जुन्या गाडीचा हेडलाइट बहुधा मॅग्नेटोवर चालतो. तिथं आधी वायरमनकडून डीसी करून घ्यावं लागतं.