लहान मेंदूला काहीच का जाणवत नाही?

चीनच्या शानडोंग प्रांतात २४ वर्षांची एक बाई चक्कर आणि मळमळीची तक्रार घेऊन रुग्णालयात गेली. स्कॅन पाहून डॉक्टर चक्रावले. कवटीच्या मागच्या बाजूला जिथे लहान मेंदू असतो, तिथे नुसता द्रव होता. चालायला ती सातव्या वर्षी शिकली. चाल डळमळती, उच्चार जरा जड. पण तिचा संसार होता, एक मुलगी होती. २०१४मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात ही नोंद छापून आली.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. म्हणजे रुपयातले जवळपास तेरा आणे नाहीत, तरी ‘मी आहे’ हे भान शाबूत!

जाणीव हा विश्वाचा मूलभूत गुण आहे, असं मानणाऱ्यांनी या बाईकडे नीट पाहायला हवं. फिलिप गॉफ यांच्यासारखे तत्त्वज्ञ सांगतात, की भौतिकशास्त्र इलेक्ट्रॉन कसा वागतो ते सांगतं. तो आतून काय आहे, यावर गप्प बसतं. बर्ट्रांड रसेल आणि आर्थर एडिंग्टन यांनी हा मुद्दा १९२०च्या दशकातच मांडला होता. ती रिकामी जागा जाणिवेनं भरा, असं गॉफ सुचवतात. चराचरात चैतन्य आहे हे लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला ते पटकन पटतं. पण कणाकणात जाणीव असेल, तर ६९ अब्ज पेशींच्या त्या गोळ्याचं आपल्या अनुभवाशी इतकं कमी देणंघेणं का?

जूलियो टोनोनी यांच्या ‘एकात्मिक माहिती सिद्धांता’कडे यावर उत्तर आहे. २००४मध्ये मांडलेला हा सिद्धांत जाणिवेला मूलभूतच मानतो, पण ती सरसकट सगळ्यांना वाटून टाकत नाही. वाळूच्या ढिगाला जाणीव नाही. प्रश्न जोडणीचा आहे. लहान मेंदूची रचना तिकीट खिडक्यांसारखी: प्रत्येकीची रांग वेगळी, शेजारच्या खिडकीत काय चाललंय याचा पत्ता नाही. मोठ्या मेंदूचं बाह्यपटल म्हणजे गावची चावडी; एकाचं बोलणं दहांपर्यंत जातं आणि फिरून त्याच्याकडेच येतं. ही गुंफण मोजणाऱ्या आकड्याला टोनोनी ‘फाय’ म्हणतात.

हिशोब देखणा आहे, पण तो भलतीकडेही नेतो. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरन्सन यांनी २०१४मध्ये दाखवलं, की साध्या तर्कद्वारांची पुरेशी मोठी जाळी केली, तर तिचा फाय माणसालाही मागे टाकेल. टोनोनींनी माघार घेतली नाही. जाळीला जाणीव असेल, असं त्यांनी मान्यच करून टाकलं! २०२३मध्ये शंभरावर अभ्यासकांनी या सिद्धांतावर छद्मविज्ञानाचा शिक्का मारला.

तो शिक्का घाईचा होता. छद्मविज्ञान सहसा परीक्षेला बसत नाही. हा सिद्धांत बसला. प्रतिस्पर्धी सिद्धांताच्या समर्थकांसह भाकितं आधीच लिहून ठेवली गेली, २५६ जणांच्या मेंदूंची मोजमापं झाली. २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला: चित्र दिसत असेपर्यंत मेंदूच्या मागच्या भागात लहरींचा जो टिकाऊ ताळमेळ अपेक्षित होता, तो सापडला नाही. प्रतिस्पर्ध्याचंही एक महत्त्वाचं भाकीत फसलं. आरन्सनच्या जाळीची पाळी मात्र या प्रयोगात आलीच नाही. पडद्यावर काय दिसलं हे तिला विचारायचं कसं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.